सीटखालचा पिवळा प्लग

मित्रांनो, गाडीत बसताना तुम्ही समोरची काच पाहता, आरसा पाहता, फार तर खिडकी खालीवर करून पाहता. पुढच्या सीटखाली वाकून कुणी पाहत नाही. पाहिलंच तर तिथे धूळ दिसेल, चुरमुरे दिसतील, एखादा हरवलेला मोजा दिसेल. आणि त्या सगळ्याच्या मागे, तारांच्या घोळक्यात, हळकुंडाएवढा एक पिवळा ठोकळा दिसेल. तो मी. लातूरच्या एका जुन्या गाडीतला जुना प्लग. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली माझा मुक्काम. गाडीचा रंग उडाला, मालक बदलला, पण माझा पत्ता बदलला नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. दोन बाजूंच्या तारांची टोकं माझ्यात येऊन भेटतात, आणि मी त्यांना धरून ठेवतो. एवढंच माझं काम. जोडणाऱ्या बाईंनी मला दाबलं तेव्हा 'टक्' असा आवाज झाला. तो आवाज ऐकूनच त्या पुढच्याकडे वळल्या. टक् झालं नाही तर त्या पुन्हा दाबत. ते टक् म्हणजे माझं बारसं.

माझ्या आतल्या बारीक दातांना सोन्याचा मुलामा आहे. थट्टा नाही करत. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून तो दिला आहे. एवढ्या मोठ्या गाडीतलं सोनं मिळालं मला, आणि ठेवलं कुठे, तर चुरमुऱ्यांच्या शेजारी! रंग पिवळा असण्यालाही कारण आहे. गाडीत एअरबॅगच्या तारा पिवळ्या असतात. पिवळं दिसलं की जाणता माणूस हात आखडता घेतो.

माझ्या वरच्या सीटच्या कडेला, कापडाच्या आत, एक पांढरी पिशवी घडी घालून निजलेली आहे. मी तिला आजवर पाहिलेलं नाही. तिच्या बहिणी स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये निजल्या आहेत. कारखान्यात ऐकलं होतं की गाडीला जोराची धडक बसली की त्या पापणी लवायच्या आत फुगतात आणि माणसाच्या आणि लोखंडाच्या मध्ये उभ्या राहतात. एकदाच. दुसऱ्यांदा त्यांना उठता येत नाही. सगळं आयुष्य एका क्षणासाठी निजून राहायचं, आणि तो क्षण कधी येऊच नये अशी सगळ्यांची इच्छा! या विचारानं मी आजही थरारून जातो.

गाडीच्या मधोमध एक पेटी आहे. तिला मी मेंदू म्हणतो. गाडी चालू असेपर्यंत मेंदू आम्हा सगळ्यांना विचारत राहतो, "आहेस का?" त्याची हाक म्हणजे विजेची इतकी बारीक धार, की मुंगीसुद्धा दचकणार नाही. ती माझ्यातून पांढऱ्या पिशवीकडे जाते आणि परत येते. "आहे." सगळ्यांचं 'आहे' आलं की समोरचा लाल दिवा मालवतो. एकाचं जरी आलं नाही, तर दिवा पेटलेलाच राहतो. आणि मित्रांनो, आमच्या गाडीत तो दिवा पेटलेला असताना मेंदू कुणावरच विसंबत नाही. धडक बसली तरी तो पिशव्यांना उठवेलच असं नाही.

आमचे पहिले मालक नांदेडचे कापड दुकानदार होते. त्यांनी गाडी पोटच्या पोरासारखी वागवली आणि नजर अधू झाल्यावर विकून टाकली. मग आम्ही लातूरला सत्यमच्या दारात आलो. सत्यम डाळ मिलच्या ऑफिसात काम करतो. त्याची बायको साक्षी बी.एस्सी. झालेली, आणि त्यांना एक दीड वर्षाची मुलगी. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे तिला ठकीच म्हणतात.

साक्षीसारखी माणसं मी कमी पाहिली. दूध उतू जायच्या आधी तिला कळतं. गाडीत बसली की आधी दाराचा खटका पाहील, मग पट्टा, मग ठकीच्या टोपीची गाठ. किल्ली फिरली की लाल दिवा लागतो आणि थोड्या वेळानं जातो, हे त्या घरात फक्त तिच्या लक्षात आलं होतं. तो जाईपर्यंत ती बोलत नसे. मला तारेतून कळायचं की दिवा मालवला, आणि वरून तिचा सुस्कारा ऐकू यायचा. मला फार बरं वाटायचं. सीटखालच्या प्लगाच्या वाट्याला कौतुक कुठून येणार? तो सुस्कारा मी माझं कौतुक समजत असे.

साक्षीचं माहेर लोहा. लातूरहून अहमदपूरवरून जायचं. तिथून परत निघताना तिची आई चांगुणाबाई हमखास उशीर करायच्या. गाडी सुरू झाली, सत्यमनं गिअर टाकला, की पायऱ्यांवरून हाक यायची.

"थांबा थांबा! ओटी राहिली!"

मग दार उघडून, साक्षी बसलेली असतानाच, त्या तिची ओटी भरायच्या. खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि शेंडी ठेवलेला नारळ. साक्षीच्या मांडीवर ठकी. नारळ मावणार कुठे? तो पायाशी ठेवावा लागे. पण ओटीच्या नारळाला पाय कसा लागू द्यायचा? स्वतःचा नको, ठकीचाही नको. म्हणून ती वाकून, मनातल्या मनात नमस्कार करून, नारळ सीटखाली आत ढकलून द्यायची.

आत म्हणजे माझ्यावर.

नारळ वळणावर इकडे गडगडे, ब्रेकला तिकडे. त्याची शेंडी माझ्या तारेत अडके आणि मला खेचे. मी दात आवळून धरी. पण एखाद्या गचक्याला माझी पकड ढिली होई, मेंदूची हाक अर्ध्यात तुटे, आणि समोर दिवा लागे. घरी गेल्यावर नारळ निघाला की तार सैल पडे. दोन-चार दिवसांनी दिवा आपोआप जाई.

हे सगळं मला कळत होतं, मित्रांनो, पण सांगणार कसं? मला तोंड नाही. माझं तोंड म्हणजे तोच दिवा.

सत्यमचे वडील व्यंकटराव मोठे गमत्ये. त्यांनी दिव्याचा भलताच अर्थ लावला.

"सूनबाई माहेरहून आली की गाडीचं तोंड लाल! गाडीला बी तुमचं माहेर सोसंना व्हय?"

"बाबा, गाडीला राग आला असेल तर तुमच्यावर," साक्षी म्हणायची. "माहेरी तिला कुणी शिव्या देत नाही."

हसणं व्हायचं. पण पुढच्या खेपेला दिवा लागला तो गेलाच नाही. माझ्या पाठीवरचा खटका ओढून ओढून तडकला होता. साक्षी रोज म्हणू लागली, गाडी दाखवून आणा. सत्यमला वेळ मिळेना. शेवटी व्यंकटरावांनी स्वतःच इलाज केला. समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली केली की आतल्या आरशावर साक्षीच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक मरून टिकली त्यांनी काढली आणि लाल दिव्यावर नेमकी दाबून बसवली.

"झाला दुरुस्त! आमच्या टायमाला सायकलवर तिघं बसून मोंढ्याच्या बाजाराला जायचो. कुठला दिवा अन् कुठलं काय."

साक्षीनं टिकली पाहिली. काढायला हात पुढे केला. पण सासऱ्यांसमोर तो मागे घेतला. मला वाटतं, ती टिकली त्यानंतर तिला रात्रंदिवस टोचत असावी.

त्यानंतरची लोह्याची खेप. जाताना टिकलीखाली दिवा पेटलेलाच, पण प्रवास ठीक. येताना मांडीवर ठकी, सीटखाली नारळ, दिव्यावर टिकली. अहमदपूर मागे पडलं आणि शेताकडून येणाऱ्या पांदीतून सोयाबीनच्या पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. सत्यमनं ब्रेक दाबला. नारळ धाडकन पुढे गेला आणि शेंडीनं तारेसकट मला ओढून घेतलं. वर साक्षीचा पट्टा आवळला, पण ठकी पट्ट्यात नव्हती. आईच्या हातांतून ती साबणासारखी निसटली आणि तिचं कपाळ डॅशबोर्डला लागलं.

त्याच क्षणी मेंदूनं विचारलं, "आहेस का?"

आणि मी गप्प.

ट्रॅक्टर हातभर अंतरावरून निघून गेला. काही झालं नाही, असं सगळे म्हणतात. ठकीच्या कपाळाला बोराएवढं टेंगूळ आलं, ती रडली आणि रडून झोपली. लातूर येईपर्यंत साक्षीचा हात मात्र ठकीच्या कपाळावर होता आणि डोळे त्या टिकलीवर.

घरी उतरल्यावर ती इतकंच म्हणाली, "तो दिवा खरा मालवेपर्यंत ठकी या गाडीत बसणार नाही."

"अगं, रविवारी जावळ हाय तिचं लोह्याला!" व्यंकटराव म्हणाले. "निवृत्तीमामानं न्हावी सांगून ठेवला, चार लोकांना आवतण गेलं."

"मग एसटीनं जाऊ. नाहीतर जावळ पुढे ढकलू."

भावानं ठरवलेलं जावळ पुढे ढकलायचं म्हणजे माहेरी काय काय ऐकून घ्यावं लागेल, हे तिला ठाऊक होतं. तरी ती हलली नाही. त्या धांदलीत या खेपेचा नारळ काढायचाही राहून गेला. तो माझ्या अंगावर तसाच पडून होता.

दुसऱ्या दिवशी सगळे रिंगरोडवरच्या हरिओमच्या गॅरेजात. साक्षी आणि ठकी रिक्षानं आल्या. हा हरिओम गाड्यांची वायरिंग करतो आणि तोंडाची टकळी चालू ठेवतो. त्यानं मशीन जोडलं, पडद्यावर वाचलं आणि मान डोलावली.

"शेजारच्या सीटमधली बॅग. तार कधी हाय, कधी न्हाई. दोन रस्ते हायत ताई. एक सोपा. इथं एवढासा रजिस्टर, म्हंजी वीज अडवणारा तुकडा, लावतो. मेंदूला वाटतं बॅग हाय. दिवा खल्लास."

"लाव मग!" व्यंकटराव खूश झाले.

"आणि बॅग?" साक्षीनं विचारलं.

"बॅग निजलेली. धडक बसली तरी निजलेलीच." हरिओमनं डोकं खाजवलं. "खरं सांगू का ताई, गिऱ्हाईक बॅगचं विचारतच न्हाई. समदे म्हणतात दिवा घालवा. म्हणून आधी तेच तोंडात येतं."

"मला दुसरा रस्ता हवाय."

"मग शोधावं लागंल. रस्त्याच्या गचक्यानं तार हालली असंल."

साक्षीनं ठकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "बाबा थट्टेनं म्हणतात ना, मी माहेरहून आले की गाडीचं तोंड लाल? ते खरं आहे. गचके जातानाही बसतात. पण जाताना दिवा नव्यानं कधी लागला नाही. दर वेळी येतानाच."

हरिओम हसायला लागला होता, तो थांबला.

"येताना गाडीत काय जास्ती असतं?"

"डाळ, लोणचं," सत्यम म्हणाला, "आणि सासूबाईंचे उपदेश."

"ते वजनदार असत्यात," हरिओम म्हणाला, "पण तारंत अडकत न्हाईत."

त्यानं आधी बॅटरीची एक तार सोडली, हात पुसले आणि चक्क चहा सांगितला.

"आता चहा कामून?" व्यंकटराव अधीर झाले. "बॅटरी सुटली की, घाल हात!"

"काका, बॅटरी सुटली तरी हिच्या पोटात थोडी वीज उरती. ती निवू द्या. पिवळ्या तारंशी मी घाई करत न्हाई."

किती वर्षांनी कुणी माझ्या रंगाला मान दिला, मित्रांनो! चहा संपला. सीट पुढे सरकली. हरिओम आडवा झाला, टॉर्चचा उजेड माझ्या डोळ्यांवर आला, आणि त्याचा हात आत शिरला. आधी बाहेर गेले हळद लागलेले तांदळाचे दाणे. मग सुपारी. मग हळकुंड. मग ठकीचा मोजा.

"ताई, इथं तर लगीन लागून गेलंय."

आणि मग त्याचा हात थबकला. त्यानं अलगद शेंडी सोडवली, माझ्या तारेतून एकेक धागा मोकळा केला, आणि नारळ बाहेर काढला.

साक्षी नारळाकडे पाहत राहिली. तिच्या पापण्या भिजल्या.

"पाय लागू नये म्हणून," ती हळूच म्हणाली, "मीच ढकलत होते."

मी सीटखालून ऐकत होतो. ज्या हातांनी इतकी काळजी घेतली, तेच हात मला ओढत होते, आणि त्या हातांना त्याचा पत्ताही नव्हता. तिच्यावर रागावणं मला कधीच जमलं नसतं.

व्यंकटरावांनी नारळ दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि जवळच्या स्टुलावर ठेवला. मग ते गाडीत वाकले. नखानं खरवडून त्यांनी दिव्यावरची टिकली काढली आणि परत आरशावर, होती तिथे, लावून टाकली. "हिची जागा हीच हाय," एवढंच म्हणाले.

हरिओमनं मला सोडवलं. भिऊ नका, मित्रांनो. मला सोडवलं की माझ्या पोटातली एक बारीक पट्टी दोन तारांना आपसात जोडून टाकते, म्हणजे चुकूनही ठिणगी पिशवीकडे जाऊ नये. कुणा अनोळखी माणसानं माझ्या पोटात एवढी काळजी घालून ठेवली आहे! हरिओमनं माझे दात औषधाच्या फवाऱ्यानं धुतले. धुळीखालून सोनं चमकलं. "जरा बघा ताई, सोनं," तो म्हणाला, आणि साक्षी गुडघ्यांवर बसून माझ्याकडे पाहू लागली. जन्मात पहिल्यांदा कुणी मला असं पाहिलं.

त्यानं मला परत दाबलं. आवाज झाला नाही. सगळं जोडून किल्ली फिरवली, तर दिवा तसाच लाल. त्यानं पुन्हा बॅटरी सोडली, पुन्हा वेळ जाऊ दिला, पुन्हा आडवा झाला आणि ओरडला, "खटका तडकलाय! मगाशी कसा दिसला न्हाई?" कुठून तरी त्यानं नवा खटका मिळवून आणला. तो माझ्या पाठीवर बसवला आणि अंगठ्यानं दाबलं.

टक्.

माझं दुसरं बारसं. मग त्यानं सीट मागेपुढे सरकवून पाहिली, तारेला पुरेशी ढील ठेवली आणि तिला वर बांधून टाकलं. मशीननं जुनी तक्रार पुसली. बॅटरी जोडली, किल्ली फिरली. मेंदूची हाक आली. "आहेस का?" माझ्या दातांतून ती लख्ख पलीकडे गेली आणि पिशवीचं उत्तर घेऊन परत आली. समोरचा दिवा मालवला. वरून तो ओळखीचा सुस्कारा ऐकू आला.

"झालं!" सत्यम म्हणाला. "रविवारी निघू. ठकी आईच्या मांडीवर..."

"मांडीवर न्हाई, साहेब," हरिओमचा आवाज बदलला. "ही बॅग उघडती ना, ती उशीसारखी न्हाई उघडत. धडाक्यानं उघडती. मोठं माणूस पट्टा लावून बसलं तर वाचतं. मांडीवर लेकरू असलं..."

त्यानं ठकीकडे पाहिलं. साक्षीनं ठकीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. मलाही ते तेव्हाच उमगलं, मित्रांनो. जी शक्ती वाचवते तिच्यासमोरही आपली जागा सोडून बसता येत नाही. शनिवारी मागच्या सीटवर लहान मुलांची पट्ट्यांची खुर्ची बसली.

रविवारी जावळ झालं. निवृत्तीमामाच्या मांडीवर बसून ठकीनं आख्खं लोहा डोक्यावर घेतलं आणि तुळतुळीत डोक्यानं बत्तासे खाल्ले. निघायची वेळ झाली. मागच्या खुर्चीत ठकी पट्टे बांधून बसली आणि साक्षी तिच्या शेजारी. ठरलेली हाक आलीच.

"थांबा थांबा! ओटी राहिली!"

"आई, मी घरात येते," म्हणत साक्षी उतरली. ओटी या वेळी पाटावर, निवांत भरली गेली. नारळ शेंडीसकट वेताच्या टोपलीत बसून डिकीत गेला. टोपली सत्यमनं नीट बांधली. नारळाची सगळी कथा ऐकून चांगुणाबाई आधी गालावर हात ठेवून बसल्या होत्या. आता त्या गाडीशी आल्या आणि पुढचं दार उघडून वाकल्या.

"कुठं हाय गं ती उशी?"

साक्षीनं सीटची कड दाखवली. चांगुणाबाईंनी हातातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि त्या कडेवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आई, सीटला डाग..." सत्यम म्हणाला.

"असू द्या जावईबापू. ती माझ्या लेकीच्या गाडीत निजती, तिला कुंकू नको?" मग त्या आणखी खाली वाकल्या. त्यांचा सुरकुतलेला चेहरा मला उलटा दिसला. "अन् तू रं पिवळ्या? तुला लई ओढलं माझ्या नारळानं. दुखलं असंल."

किल्ली फिरली. लाल दिवा लागला. दारातली माणसं, गाडीतली माणसं, सगळी श्वास धरून त्या एवढ्याशा उजेडाकडे पाहत राहिली. ठकीसुद्धा.

"विझला!" निवृत्तीमामा ओरडला.

"विझला म्हणू नये रे! मालवला म्हण," चांगुणाबाईंनी त्याला चापट मारली. आणि गाडी निघाली.

मित्रांनो, लोहा मागे पडलं, वाटेत काहीच घडलेलं नाही. पांढरी पिशवी निजलेली आहे. ती तशीच निजून राहावी आणि एक दिवस गाडीबरोबरच म्हातारी होऊन जावी, एवढंच माझं मागणं. तुम्ही गाडीत बसाल तेव्हा आधी मागे बसा, आपला पट्टा लावा आणि किल्ली फिरली की त्या लाल दिव्याकडे पाहा. तो मालवला तर ठीक. नाही मालवला तर घरच्यांना सांगा, पुन्हा सांगा, त्यांनी टिकली लावली तरी सांगा. कारण सीटखाली कुणीतरी बिनतोंडाचं तुमच्याशी बोलू पाहत असतं.

आता अहमदपूर येईल. तीच पांद, तेच वळण. मागे ठकी झोपली आहे आणि साक्षीचा हात तिच्या तुळतुळीत डोक्यावर आहे. मेंदू विचारतो आहे, "आहेस का?"

आहे.